वीज गेली तेव्हा सॉस माझ्या हातात होता

फ्रान्समधील ल्याँ शहरातल्या एका लहान रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मी कोमी, म्हणजे सर्वांत कनिष्ठ मदतनीस, म्हणून काम शिकत होते, तेव्हाची ही जून महिन्यातील एक संध्याकाळ. आम्ही सहाच जण होतो, तरी नामवंत फ्रेंच शेफ एस्कोफिए यांनी रूढ केलेली ब्रिगेडची, म्हणजे प्रत्येकाचे काम ठरवून दिलेली, रचना तिथे काटेकोरपणे पाळली जात असे. सॉस करणाऱ्या सोसिएच्या जागी कोमीने हात घालायचा नसतो. पण त्या दिवशी सोसिए रजेवर होता आणि हंगामातील शेवटच्या पांढऱ्या अस्परॅगसबरोबर द्यायचा, अंड्याचा बलक आणि लोणी फेटून केलेला हॉलंडेज सॉस शेफनी प्रथमच माझ्यावर सोपवला होता.

दुपारीच मेतेओ-फ्रान्स या फ्रान्सच्या हवामान संस्थेने गडगडाटी वादळाचा नारिंगी इशारा दिला होता. डिसेंबर १९९९ मध्ये लोथार आणि मार्टिन ही वादळे पाठोपाठ येऊन फ्रान्समध्ये मोठी हानी करून गेली. त्यानंतर २००१ पासून हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांचे हे इशारे सुरू झाले. मला मात्र इशाऱ्याआधीच आकाशाची ओढ लागलेली होती. वीज चमकली की सेकंद मोजायचे आणि दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा, हे आजोबांनी मला लहानपणी शिकवले होते, आणि तेव्हापासून वादळ आले की मी खिडकीपाशी उभी राहत आले आहे.

आठच्या सुमारास मागच्या अंगणातून शेर्वील या सुवासिक पाल्याची जुडी आणायला गेले, तेव्हा फुर्विएर टेकडीच्या मागे ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्या वेळी पश्चिमेकडचा उजेड हिरवट काळा झाला होता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मी अठरा मोजले. सहा मिनिटांनी दारात येऊन पुन्हा मोजले, तर बारा. सहा मिनिटांत दोन किलोमीटर, म्हणजे वादळ आमच्यावर यायला आणखी बारा मिनिटे होती. कोमीने न विचारता बोलण्याची पद्धत नसतानाही मी धीर करून म्हटले, "शेफ, पाव तासाच्या आत वादळ डोक्यावर येईल." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, कारण विचारले नाही, आणि दोन मोठी पातेली भरून पाणी उकळत ठेवायला सांगितले. "आणि सॉस आत्ताच घे," ते म्हणाले.

चार बलकांना पाव किलो लोणी, असे आमचे प्रमाण होते. बलकात थोडे पाणी घालून गरम पाण्यावर धरलेल्या वाडग्यात ते इंग्रजी आठच्या आकारात फेटत राहायचे. व्हिस्क फिरताना वाडग्याचा तळ क्षणभर दिसू लागला की वाडगे उष्णतेवरून बाजूला घ्यायचे आणि निवळलेले कोमट लोणी बारीक धारेने सोडायचे. हे लोणी करताना सुरुवातीला माझी नेहमी चूक होत असे, कारण साजूक तुपाचा वास येईपर्यंत थांबण्याची सवय नाकाला होती आणि हॉलंडेजसाठी त्याच्या बरेच अलीकडे थांबावे लागते. बलक साधारण ६५ अंशांच्या आसपास दाट होऊ लागतो. त्याच्या फार पुढे गेले की त्याच्या गाठी होतात, आणि सॉस फार गार झाला की लोणी थिजते. या मधल्या अरुंद पट्ट्यात सॉसला सांभाळायचे, एवढेच सोसिएचे काम असते आणि तेच अवघड असते.

सॉस जमून आला, मी लिंबू पिळले आणि वीज गेली. धूर ओढणारा पंखा थांबताच शेफनी गॅस बंद करायला लावला. विजेवर चालणारी बाँ-मारी, ज्यात सॉस ऊबदार ठेवले जातात, ती थंड होऊ लागली. अस्परॅगस आपल्या गरम पाण्यात शिजून तयार होते, चार टेबले त्याची वाट पाहत होती, आणि आपत्कालीन दिव्याच्या उजेडात उकळून ठेवलेल्या पाण्यावर वाडगे धरून मी एकटी फेटत उभी होते.

त्याच वेळी पहिला झोत आला. वादळाच्या पुढे धावणारा तो गार वारा उघड्या दारातून आत शिरला, त्यापाठोपाठ गारा वाजू लागल्या, आणि वीज इतक्या जवळ पडली की मोजायला आकडाच उरला नाही. मी मान वळवली. फार तर दहा सेकंद पाहिले असेन, पण तेवढा वेळ वाडगे कढत पाण्याच्या वाफेवर तसेच राहिले. परत पाहिले तेव्हा कडेने लोण्याची पिवळी रेघ सुटू लागली होती.

शेफ ओरडले नाहीत. त्यांनी वाडगे उचलून ओल्या फडक्यावर ठेवले, चमचाभर थंड पाणी एका कडेला घातले आणि म्हणाले, "इथूनच सुरू कर. आधी एवढेच जुळव, मग हळूहळू बाकीचे ओढून घे." मी तसे केले. कोपऱ्यातला तो चमचाभर भाग पांढुरका होऊन पुन्हा एकजीव झाला, आणि त्यात थोडा थोडा करत फाटू लागलेला सॉस परत आला. मनगट बधिर झाले होते. त्यानंतर पुढची पस्तीस मिनिटे मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. वादळाचा सर्वांत देखणा भाग माझ्या पाठीमागे झाला आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. शेवटची ताटली गेली तेव्हा सॉस चमच्याच्या पाठीला नीट धरत होता.

वीज दहानंतर आली. भांडी आवरून आम्ही दारात उभे राहिलो, तेव्हा वादळ पूर्वेला आल्प्सच्या दिशेने सरकले होते आणि ढग आतून उजळत होते. शेफ पुटपुटत मोजत असल्याचे माझ्या लक्षात आले. ते साठपर्यंत गेले, तरी आवाज आला नाही. मग त्यांनी वाडग्याच्या कडेचा उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून खाल्ला आणि म्हणाले, "उद्या लिंबू जरा कमी."