बांदिवड्याची तालीम

आज गोव्यातल्या बांदिवड्याला उत्सवाच्या नाटकाची तालीम बघत बसले होते. माझी भाची पहिल्यांदाच उभी राहतेय. शिकवणाऱ्या मावशी सत्तरीच्या. आयुष्यभर गावोगावच्या उत्सवांत कधी सोशिक सून, कधी कजाग सासू, कधी संगीत नाटकातली नायिका झालेल्या. आज अर्धा तास त्यांनी एकच ओळ घोटून घेतली.

"श्वास वाक्य संपल्यावर नको गो, पदर खोचताना घे. पद बोलण्यातून यायला हवं, पेटीतून नव्हे."

पोरीने पदर खोचला, श्वास घेतला आणि गाणं खरंच बोलता बोलता सुरू झालं. अंगावर काटा आला!

याच गावात १९१४ साली गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाई भोळे जन्मल्या, माहेरच्या दुर्गा केळेकर. मुंबईत शास्त्रीय गाण्याची तालीम, मग १९३३ चं नाटक 'आंधळ्यांची शाळा', पुढे 'कुलवधू'. पुरुषांनी लुगडी नेसून गाजवलेल्या रंगभूमीवर तेव्हा बाईने बाई म्हणून उभं राहायचं, तेही गात! केवढं धाडस ते.

निघताना मावशींना म्हटलं, तुमच्या सगळ्या भूमिका लिहून काढूया ना. त्या पेटीवर कापड घालत म्हणाल्या, "उद्या साडेसहाला ये. दुसरा अंक बसवायचाय."

वही घेऊन जाणार आहे.