खाड्याची वही

कॉलेजच्या एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला 120 तास भरावे लागतात. आमच्या सरांनी या वर्षी लालबाग-परळच्या चाळींमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आणि दोघादोघींना एकेक घर दिलं. माझी जोडीदारीण दोन आठवड्यांतच यायची थांबली, तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी एकटीच जाते. गोळ्यांची डबी भरायची, लाइट बिल भरायचं, पेपर वाचून दाखवायचा, एवढंच काम सांगितलं होतं.

आजींची खोली दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारा. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पहिल्या दिवशी मी प्रश्न लिहून नेले होते. ‘तुमचं लहानपण कसं गेलं?’ असं विचारलं, तर म्हणाल्या, “कसं जानार? समद्यांचं जातं तसं.” बाकीचे प्रश्नही असेच दोन-दोन शब्दांत संपले. मग त्यांनी मेथीची जुडी आणि परात माझ्या पुढ्यात सारली. आम्ही निवडायला बसलो, आणि जुडी अर्धी व्हायच्या आत आजी भूकंपापर्यंत पोचल्या होत्या.

11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. आजींचं गाव पाटण तालुक्यात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नवरा इथे लालबागला गिरणीत, साचाखात्यात म्हणजे मागांवर. पहाटे घराची मागची भिंत गोठ्यावर पडली. सासू वाचली, म्हैस गेली. “गाभन हुती गं,” हे त्यांनी त्या दुपारी तीन वेळा सांगितलं. घरच राहिलं नाही म्हणून नवऱ्याने त्यांना मुंबईला आणलं, ते याच खोलीत.

या खोलीत त्या वेळी नवऱ्यासकट सहा पुरुष राहायचे. राहायचे म्हणजे पाळीने झोपायचे. एक पहिल्या पाळीला उठून गेला की रात्रपाळीचा त्याच्याच वळकटीवर पाठ टेकणार. सगळ्यांची बायकापोरं गावाला. आजींनी आधी त्या पाच जणांचं जेवण सुरू केलं, मग शेजारच्या खोल्यांतले यायला लागले. काही वर्षांत पंगतीला अठरा माणसं झाली. दोन स्टोव्ह, रॉकेलची रांग आणि तिन्ही पाळ्यांची जेवणं. भोंगा झाला की पिठात हात घालायचा, घड्याळ बघायची गरजच नव्हती. भांडवल सावकाराचं असायचं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आणि बायकाबायकांनी एकमेकींना जामीन राहून बँकेचं कर्ज घेतलं. आजी त्यांच्यातल्याच. “बँकंत खुर्चीवर बसवलं मला. च्या दिला,” असं सांगताना त्या अजूनही पाठ ताठ करतात.

आता वहीचं सांगते. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार वापरतात तसली ती वही तांदळाच्या डब्यामागे पिशवीत असते. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी आजींनी ती मला काढायला लावली. खाणावळीत महिन्याचे पैसे ठरलेले असतात, आणि माणूस आधी सांगून जेवायला आला नाही तर त्या दिवसाचा खाडा धरून तेवढे पैसे कापतात. हा हिशेब ठेवायलाच हवा, आणि आजींना तर अक्षरओळख नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक माणसाला एक चित्र दिलं होतं. राजापूरच्याला नारळ. कोल्हापूरकडच्या पैलवानाला गदा. भजनात बसायचा त्याला टाळ. एकाच्या नुसत्या मिशा. चित्रापुढे महिन्याच्या घरांची ओळ आणि जिथे खाडा तिथे फुली. पेन्सिल इतकी दाबून ओढलेली की पान उलटं करून बोट फिरवलं तरी फुल्या हाताला लागतात.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार. हे मला अभ्यासातून माहीत होतं. पगार बंद झाल्यावरही त्या माणसांना रोज दोन वेळा जेवू कोण घालत होतं, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. आजींनी जूनपर्यंत घातलं. वाण्याने उधारी बंद केली तेव्हा गळ्यातल्या दोन वाट्या आणि काळे मणी तेवढे मोडायचे राहिले, बाकी सोनं गेलं. बँकेचा हप्ता थकला. एकेक जण गावाला निघून गेला. ‘चालू झालं की येतो’ असं सगळेच म्हणाले, आणि ते खरंच येणार होते, असं आजींचं ठाम म्हणणं आहे. त्यांच्याकडून त्या माणसांबद्दल वाईट शब्द मी आजवर ऐकलेला नाही. “खाल्लेलं बुडवनारी मानसं न्हवती ती. गिरनीच उघडली न्हाय, त्येला ती काय करनार?”

आजऱ्याच्या एकाचा मुलगा बऱ्याच वर्षांनी पत्ता शोधत आला होता, घनसाळ तांदळाचं पोतं घेऊन. बापाने मरताना सांगितलं होतं म्हणे. बाकी किती निघते ते बघा, असं तो म्हणाला. आजींनी वही काढलीच नाही. त्याला जेवायला वाढलं.

आता दर शनिवारी मी चित्र काय आहे ते सांगते आणि त्या माणूस सांगतात. तो कुठल्या खात्यात होता, कुठे बसायचा, काय टाकायचा. मी ते दुसऱ्या वहीत अक्षरांत लिहून घेते. आमची सोळा पानं झाली आहेत.

गेल्या शनिवारी एक चित्र अडलं. मी म्हटलं, “आजी, छत्री आहे.” त्या म्हणाल्या, छत्रीवाला कोणी नव्हता. मी पुन्हा नीट पाहिलं आणि सांगितलं, छत्रीच आहे, वर त्रिकोण, खाली दांडा. आजी गप्प झाल्या. मेथी बाजूला ठेवली. “इसरलं वाटतं मी त्येला,” असं म्हणाल्या, आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. खालून मसाला कांडणाऱ्या डंखाचा आवाज येत होता तेवढाच. मला रडू यायला लागलं. त्यांना दिसत नाही, तरी मी तोंड फिरवून घेतलं.

मग काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि वहीतलं चित्र बोटाने त्यावर काढलं. एकदा काढलं. त्यांनी हात फिरवून धरला, म्हणाल्या, हिकडनं काढ. दुसऱ्यांदा टोक खाली आलं.

“छत्री कुठली गं, फाळ हाय त्यो! नांगराचा फाळ. वही उलटी धरलीस काय?”

वही उलटी नव्हती, आजींनीच तो त्या दिवशी समोर बसून उलट्या बाजूने काढला असणार. पण मी हो म्हटलं.

“दाराकडं पाठ करून बसायचा. भात न्हाई घ्यायचा, भाकरीच. शेत सोडवायचं हुतं त्येला गहानातलं.” बोटं अंगठ्यावर फिरवत त्या काहीतरी मोजत होत्या. “जानेवारीत किती खाडं हायत त्येचं?”

मी मोजले. एकही नव्हता.

“बरोबर,” आजी म्हणाल्या. “लिव्ह. आन् फुडचं पान काढ.”