बटाट्यावर दशमांश, गवताला माफी

आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीत गॅल्टी आणि नॉकमीलडाउन या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात क्लॉहीन हे गाव आहे. गाडीतून बघावं तिकडे कुरणं आणि गुरं. या कुरणांनीच इथे रामायण घडवलं होतं.

अठराव्या शतकात कॅथलिकांना पिकाचा दशमांश द्यावा लागे, तोही परक्या, प्रॉटेस्टंट चर्चला. शिवाय कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या दंडक कायद्यांमुळे (पीनल लॉज) ते संसदेत नव्हतेच, ज्यूरीतही क्वचितच. १७३५ मध्ये जमीनदारांनी भरलेल्या आयरिश संसदेने चराऊ कुरणांवरच्या दशमांशाविरुद्ध ठराव केला. त्यामुळे शेकडो गुरांचा मालक जवळजवळ सुटला आणि इथल्या मन्स्टर प्रांतातला भूमिहीन मजूर मात्र खंडाने घेतलेल्या तुकड्यातल्या बटाट्यावर भरत राहिला. वसुलीचा मक्ता घेणारे मधले लोक वेगळेच. आपल्याकडच्या खळ्यावर निदान सुतार-लोहार कामाच्या बदल्यात वाटा नेत. इथे बदल्यात काहीच नव्हतं.

त्यात गायरानांना कुंपणं पडली. १७६१ पासून माणसं रात्री कपड्यांवर पांढरे सदरे चढवून कुंपणं पाडू लागली. हेच ते व्हाइटबॉइज. त्यांना संत ठरवायची मला घाई नाही. धमक्या आणि मारहाणही त्यांनी भरपूर केली.

गावाबाहेर शानराहनच्या जुन्या दफनभूमीत फादर निकोलस शीही यांची कबर आहे. दशमांशाविरुद्ध उघड बोलणारा हा इथला पाद्री. डब्लिनच्या कोर्टाने त्यांना बंडाच्या आरोपातून निर्दोष सोडलं, तेव्हा क्लॉनमेलला आणून खुनाचा खटला भरला. ज्याचा खून झाला म्हणत, त्या जॉन ब्रिजचं प्रेतच सापडलं नव्हतं! १५ मार्च १७६६ ला त्यांना फाशी दिलं आणि शिर तुरुंगावर टांगलं. ते कित्येक वर्षं तिथेच होतं. खटला चालला ती 'मेन गार्ड' इमारत क्लॉनमेलच्या भर बाजारात आहे. तळमजल्यावरच्या कमानी सुरेख आहेत, हे सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

तिथून किलकेनीतल्या कॅरिकशॉककडे निघालो. १८३१ च्या डिसेंबरात तिथे दशमांशाच्या नोटिसा वाटणाऱ्या माणसाला आणि त्याच्यासोबतच्या पोलिसांना गावकऱ्यांनी अरुंद वाटेत गाठून ठार मारलं, गावकरीही मेले. सरकारने अखेर १८३८ मध्ये दशमांशाचं रूपांतर जमीनदाराने भरायच्या आकारणीत केलं. जमीनदारांना तो खंडात मिसळायची वाट मोकळीच होती.