रविवारचा बॉक्सिंग डे आणि वीस चौरस मीटरची खोली

२४ डिसेंबर २०२१, शुक्रवार, दुपारचे तीन. पश्चिम लंडनमधल्या एका किराणा दुकानाच्या काचेवर मालक काकांनी जाड मार्करने पाटी लिहून चिकटवली होती: 'शनिवार, ख्रिसमस: ९ ते १. रविवार, बॉक्सिंग डे: सकाळी ७ ते रात्री १०.' मी गेलो होतो पगाराच्या कामाला. अशा काही दुकानांचे रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक), पगार आणि परवान्यांची कागदपत्रं मी बघतो. पाटी वाचली, आणि पगार राहिला बाजूला. पिशवीतून लेझर मीटर काढलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी फक्त सलग सहा तास उघडं ठेवता येतं, तेही सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेतच. हा १९९४ चा कायदा. ख्रिसमसच्या दिवशी तर असं दुकान उघडायचंच नाही, हा २००४ चा. २८० किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही बंधनं लागू नाहीत. आपलं दुकान लहान, हे काकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि नोव्हेंबरपर्यंत ते खरंही होतं. मध्यंतरी त्यांनी मागची पडीक खोली रंगवून तिथे ख्रिसमसचे बिस्किटांचे डबे, क्रॅकर (दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळ्या) आणि गिफ्टचे कागद मांडले होते. घोटाळा त्या खोलीत होता.

मोजताना भिंत ते भिंत आतलं माप घ्यायचं. पुष्कळ लोक फक्त गिऱ्हाइकाला चालायची जागा मोजतात आणि तिथेच चुकतात. शेल्फखालची जमीन धरायची, फ्रीजखालची धरायची, टिलच्या, म्हणजे गल्ल्याच्या, मागची पट्टीही धरायची, कारण तिथून गिऱ्हाईक करतात. स्टोअररूम, ऑफिस, संडास सोडून द्यायचं. मुख्य हॉल भरला २१.४ बाय १२.६, म्हणजे २६९.६४ चौरस मीटर. मागची खोली ५.२ बाय ३.९, म्हणजे २०.२८. बेरीज २८९.९२. टिलवरची नाशिकची मुलगी मीटरचा लाल ठिपका भिंतीवर नीट पडतोय का ते बघत होती. आकडा तिनेच आधी उच्चारला.

काका मुलुंडचे गुजराती, मराठी फर्डं. म्हणाले, "अहो, त्यात काय, रविवारी त्या खोलीला दोरी बांधतो. झालं की नाही लहान?"

"नाही होत काका."

हा डाव बरेच जण टाकतात, आणि कायदा लिहिणाऱ्याने तो आधीच ओळखून ठेवलाय. एखादा भाग मापातून वगळायचा तर त्या रविवारी संपणारा अख्खा आठवडा तिथे माल मांडलेला नसला पाहिजे आणि गिऱ्हाईकही केलेलं नसलं पाहिजे. म्हणजे २६ साठी ती खोली सोमवार, २० डिसेंबरपासून बंद हवी होती. ख्रिसमसच्या बंदीलाही तसेच त्या दिवशी संपणारे सात दिवस बघतात. आणि आम्ही बोलत होतो तेव्हा त्याच खोलीत दोन बायका कागदाचे रोल निवडत होत्या. दंडाची कमाल मर्यादा ५०,००० पौंड. एवढा कुणी लावणार नाही, पण तपासायला काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, माणूस येतो, आणि त्याच्याकडेही मीटर असतं.

पाटी फाडली. शनिवार बंद. रविवारसाठी १० ते ४, ११ ते ५ की १२ ते ६, एवढंच ठरवायचं उरलं. २६ ला इंग्लंडात बहुतेक रेल्वे गाड्या धावत नाहीत, माणसं उशिरा उठतात आणि पायी येतात, म्हणून १० ते ४ नको. १२ ते ६ घेतलं तर अंधार पडल्यावर दीड-दोन तास रिकामे जातात. ११ ते ५ ठरलं. ही वेळ दुकानाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे ठळक दिसेल अशी लावावी लागते. मोठं दुकान ठरल्यावर आणखी एक लचांड मागे लागतं: ज्या भागात काउन्सिलने तसा नियम लावलाय, तिथे रविवारी सकाळी ९ च्या आधी परवानगीशिवाय गाडीतून माल उतरवायचा नाही. ब्रेडवाला सहाला यायचा. काउन्सिलची कचेरी तोवर बंद झालेली, विचारणार कुणाला? त्याला साडेनवाची वेळ दिली.

मग पगार. इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. २०२१ मध्ये ख्रिसमस शनिवारी आणि बॉक्सिंग डे रविवारी, म्हणून बदली सुट्ट्या सोमवारी २७ ला आणि मंगळवारी २८ ला दिल्या होत्या. सुट्टी पुढे सरकली, पण दुकानाच्या वेळेचा कायदा सुट्टी बघत नाही, वार बघतो. म्हणून २६ ला, बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) नसूनही, सहा तासांची मर्यादा. आणि २७-२८ ला, बँक हॉलिडे असूनही, हवं तेवढं उघडा. काकांच्या करारात 'बँक हॉलिडेला दीडपट' एवढंच लिहिलेलं. त्या हिशोबाने २६ ला साधा दर, म्हणजे तेव्हाचे किमान ८.९१ पौंड तासाला, आणि खरी दीडपट २७-२८ ला, १३.३७. कायदा म्हणाल तर जादा दराची सक्ती मुळात कुठेच नाही, वर्षाची ५.६ आठवड्यांची पगारी रजा द्यायची, आणि बँक हॉलिडे त्यातच धरल्या तरी चालतं. पण बॉक्सिंग डेला साधा दर हे पोरांना सांगणार कोण? काकांनी २६ लाही दीडपट दिली. करारात 'बँक हॉलिडे' हा शब्द काढून सरळ तारखा लिहा, असं मी त्यांना तेव्हाच लिहून दिलं.

एक जण येणार नव्हता. रविवारी काम करणार नाही असं त्याने तीन महिन्यांआधी लेखी दिलेलं होतं, आणि दुकानातल्या कामगाराला तो हक्क आहे. बॉक्सिंग डे सोमवारी असता तर हा कागद उपयोगी पडला नसता.

रविवारी साडेदहाला शटर वर केलं, टिल बंद. लोकांना आत फिरू द्यायचं, टोपली भरू द्यायची, पैसे मात्र अकरानंतर. हे मोठी दुकानंही करतात. आल्डी आणि लिडल ही सुपरमार्केटं त्या दिवशी बंद, त्यामुळे गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त आली. सगळे मास्क लावून. ३० नोव्हेंबरपासून दुकानात सक्ती होती. पहिल्यांदा काय संपलं? दूध नाही, ब्रेड नाही. डबल-ए बॅटऱ्या. शनिवारी खेळणी उघडली गेली, त्यात बॅटऱ्या नव्हत्या. दोन पेट्या जास्त मागवायला हव्या होत्या, ही चूक माझी नसली तरी वहीत मीच लिहून ठेवली. ब्रसेल्स स्प्राउट्सवर मात्र किंमत उतरवल्याची पिवळी लेबलं लावूनही कुणी हात लावेना.

टिलशेजारी काकांचा फोन डब्याला टेकवलेला. सेंच्युरियनला भारताची कसोटी त्याच दिवशी सुरू झालेली. दिवसअखेर राहुल नाबाद १२२, रहाणे नाबाद ४०. अर्धं गिऱ्हाईक स्कोअर विचारायलाच थांबत होतं.

पाचला दारात माणूस उभा केला. नवीन कुणी आत नाही. आधीच आत आलेल्यांना अर्ध्या तासात बाहेर काढायचं, तेवढी सवलत कायदा देतो. शेवटची पावती ५.२२ ची. साडेदहा ते साडेपाच म्हणजे सात तासांची पाळी. सहा तासांच्या वर गेलं की २० मिनिटांची सुट्टी द्यावीच लागते, ती रोटावर आधीच आळीपाळीने टाकली होती.

२०२२ ला हा पेच नव्हता: २६ सोमवार, तीच बॉक्सिंग डेची सुट्टी, आणि ख्रिसमसची बदली सुट्टी २७ ला. २०२६ मध्ये २६ ला शनिवार आहे, म्हणजे मोठं दुकानही पूर्ण वेळ चालेल, सुट्टी सोमवारी २८ ला, आणि सहा तासांची अडचण मधल्या रविवारी, २७ ला. २०२७ मध्ये बॉक्सिंग डे पुन्हा रविवारी.

शटर पाडल्यावर आम्ही तिघांनी मागच्या खोलीतले डबे हॉलमध्ये आणले, उरलेले रोल स्टोअररूमला टाकले, रिकामी शेल्फं भिंतीकडे तोंड करून वळवली. सोमवार २७ ते रविवार २ जानेवारी हा आठवडा कोरा गेला तर २ तारखेला दुकान परत २६९.६४ होणार होतं. काकांनी कुलूप लावलं, तारीख दिसेल अशा बेताने कुलपाशेजारी वर्तमानपत्र धरलं, आणि नाशिकच्या मुलीने फोटो काढला. असे रोज एक, सात फोटो.