तुम्ही विचारलंत म्हणून: एकादशी आणि कॅनू

वर्षभराच्या कॅनूच्या सहली डिसेंबरातच कशा ठरवून टाकता, अजून ऑफिसची सुट्ट्यांची यादीही लागलेली नसते, असं कुणी ना कुणी विचारतंच. सुट्ट्यांचं नंतर बघू. घरात नवीन कालनिर्णय आलं की आधी मी पावसाळ्यावर काट मारते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनाही मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळीवाडा दर्याला नारळ देतो, त्याआधी आपण कशाला शहाणपणा करा?

मग एकादश्या शोधते. उपासासाठी नव्हे, भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, खाडीत आत तर आणखी उशीर. पक्क्या वेळेला भरतीचं कोष्टक आहेच, पण वर्षाचा आराखडा मांडायला हा हिशेब पुरतो.

मुंबईतल्या मनोरीच्या खाडीचं तोंड पश्चिमेला. एकादशी-द्वादशीला उजाडताना होडी लोटायची, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी थांबलं की वळायचं. परत ओहोटीच आणते, आणि खारे वारे जोर धरायच्या आत आपण किनाऱ्यावर. हेच पौर्णिमेला केलंत तर भरती होते दुपारच्या तोंडावर. मग ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, वारा आत ढकलतो आणि खाडीच्या मुखाशी नुसती खळबळ. कॅनूच्या कडा उंच, वल्ह्याला पातं एकच. वाऱ्यात नाक सारखं फिरत राहतं आणि अर्धी ताकद ते सरळ करण्यातच जाते.

नवख्यांना मी अष्टमीच्या आसपास नेते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला ओढ कमी असते. पण पाणीही कमीच चढतं, त्यामुळे खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या बारक्या फाट्यांत शिरायचं नाही. तिथे पाणी उतरायला लागलं की तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची श्वासमुळं पेन्सिलींसारखी एकेक वर येतात. ती उघडी दिसली की बोलणं थांबवून वल्हं मारायचं, कारण थोड्याच वेळात होडी चिखलात बसते. ढकलायला उतरावं तर पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पाय निघतो, चप्पल निघत नाही.

फ्लेमिंगोंचंही विचारता. ठाणे खाडीत २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे परवानगीशिवाय होडी घालायची नाही. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, ती घ्या. आपल्या वल्ह्यांनी पक्षी उठवण्यापेक्षा ते बरं.

जो रविवार तिथीला जुळत नाही, तो कोलाडला. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी मिळतं, चंद्राचा संबंध नाही. राफ्टिंगचा पट्टा सोडून खालचं संथ पाणी आपलं. पाणी कधी सोडणार ते मात्र आदल्या दिवशी तिथल्या माणसांना विचारावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये खाडीवर वारा लवकर सुटतो, तेव्हा भंडारदरा.

राहिला वारा. भरती वर्षभर आधी मांडता येते, वाऱ्याचं तसं नाही. म्हणून माझ्या कालनिर्णयावर एकेका सहलीला दोन तारखा असतात, दोन्ही पेन्सिलीने. यावरून घरात टोमणे बसतात आणि लग्नाची आमंत्रणं देणारे नातेवाईक तर वैतागतातच. बसू दे. पक्कं काय ते मी शुक्रवारी रात्री वाऱ्याचा अंदाज बघून कळवते.

येणार असाल तर लाइफ जॅकेट आपापलं आणा. माझ्याकडे जादा एकच आहे, आणि ते थोराड माणसाच्या मापाचं.