सूरजकुंडाच्या पायरीवर

ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला भाड्याची गाडी करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. उरवाई दरवाज्याच्या बाजूने गाडी थेट वर जाते, वाटेवर खडकात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती काचेतूनच पाहून होतात, आणि वर पोहोचल्यावर चालक प्रत्येक ठिकाणाला मिनिटे वाटून देतो. मानमंदिर महालाला पाऊण तास, सासबहूच्या देवळांना वीस मिनिटे, तेली का मंदिराला पंधरा आणि सूरजकुंडाला पाच, कारण त्याच्या मते तिथे ‘सिर्फ पानी है’. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मामा-मामींकडे मी गणपतीसाठी गेले होते. आरत्या, पंगती आणि जयविलास महालातली गर्दी यांत दिवस भुर्रकन गेले. मानमंदिराच्या भिंतींवरचे निळे नक्षीकाम सुंदर आहे, पण तिथे सेल्फी काढणाऱ्यांच्या कोपरांतून ते पाहावे लागते. सूरजकुंडावर मात्र कोणी नव्हते.

सूरजसेन राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा नावाच्या साधूने या कुंडाचे पाणी देऊन बरा केला आणि त्या साधूवरूनच गडाला नाव पडले, ही कथा मामींनी पायऱ्या उतरता उतरता सांगितली. पावसाळा नुकताच ओसरत होता. पाणी हिरवट असले तरी सर्वांत वरची बुडालेली पायरी स्पष्ट दिसत होती, आणि तिच्यावर काही काळे, लंबगोल ठिपके चारचारच्या गटाने सरकत होते. त्या सावल्या होत्या. वर पाण्यावर पाणनिवळ्या, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारे लांब पायांचे किडे, उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांखाली पाण्याचा पृष्ठभाग जिथे जिथे दबला होता, तिथे ऊन वाकून खाली पायापेक्षा कितीतरी जाड सावली पडत होती. प्रत्येक सावलीला उजेडाची बारीक कड होती.

“अगं, डास आहेत का हे?” मामींनी विचारले. पाणनिवळ्या उलट पाण्यात पडलेले डास खातात, असे मी सांगितल्यावर मामी पदर सावरून माझ्या शेजारी बसल्या. थोड्याच वेळात भिंतीवरून एक मुंगळा पाण्यात पडला आणि धडपडू लागला. त्याच्या धडपडीने उठलेले तरंग पायांना जाणवताच दोन-तीन पाणनिवळ्या त्याच्याकडे वळल्या. जी आधी पोहोचली, तिने आखूड पुढच्या पायांनी त्याला धरले आणि सोंड त्याच्या मानेजवळच्या मऊ सांध्यात खुपसली. पाणनिवळी ही ढेकणाच्याच गणातली असल्यामुळे तिला चावून खाता येत नाही. भक्ष्याच्या शरीरातला रस ती शोषून घेते.

लोक हिला ओळखताना पायांकडे पाहतात, आणि तिथेच पुरेसे समाधान मानतात. मधली जोडी वल्ह्यांसारखी पाणी मागे लोटते, मागची जोडी दिशा सांभाळते आणि पुढची शिकार पकडते, हे खरेच. पण ही रचना या कुळातल्या बहुतेक सर्वांचीच असते, आणि जगात या कुळाच्या सतराशेहून अधिक जाती आहेत. पंखांवरही विसंबता येत नाही, कारण एकाच जातीत आणि एकाच डबक्यात पंख असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रौढ पाणनिवळ्या आढळतात. डबके आटले की पंखवाल्या उडून दुसरे पाणी शोधतात. पाहायचे असते ते डोक्यामागे, वक्षाच्या पुढच्या भागावर. मी काठाशी पट्टी ठेवली आणि एखादी पाणनिवळी तिच्या जवळून जाईपर्यंत फोन धरून बसले. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर चकचकीत काळ्या वक्षावर शेजारी शेजारी दोन फिकट पिवळे ठिपके स्पष्ट दिसले. लांबी सुमारे 1 सेंटीमीटर भरली. तिथे मधोमध एकच ठिपका असता, तर ती ‘निओगेरिस’ या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, ठरली असती, आणि ती आकारानेही लहान असते. दोन ठिपके म्हणजे ‘लिम्नोगोनस’. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 साली वर्णन केलेली ‘लिम्नोगोनस फॉसारम’ ही जाती भारतभर साचलेल्या पाण्यावर आढळते आणि आकारही जुळतो, म्हणून वहीत तेच नाव लिहिले, मात्र त्याआधी ‘बहुधा’ घातले. जातीचा शेवटचा निर्णय नराच्या पोटाच्या टोकाकडचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करावा लागतो, आणि त्यासाठी कुंडातला जीव मारून बाटलीत भरणे मला पसंत नाही.

काठाच्या सावलीत अगदी लहान पिल्लेही होती, आणि मला सर्वांत जास्त वेळ त्यांनीच खिळवून ठेवले. पाणनिवळी पृष्ठभागावर तरंग उठवून त्यांच्या जोरावर पुढे जाते असे पूर्वी मानत. पण मग पिल्लांच्या पायांत तरंग उठवण्याइतका वेग नसताना ती कशी सरकतात, हा पेच उरत असे. डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिले की पायाच्या फटकाऱ्याने पृष्ठभागाखाली छोटे भोवरे मागे ढकलले जातात आणि पुढे नेणारा जोर त्यांतून मिळतो. पुढच्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी एका पायाची भार पेलण्याची क्षमता मोजली, ती शरीराच्या वजनाच्या सुमारे पंधरापट निघाली. पायांवरच्या अतिसूक्ष्म केसांत हवा अडकून राहते, म्हणून पाय भिजत नाहीत. साबणाच्या पाण्यात मात्र हे सारे निष्प्रभ होते. हे मी मामींना सांगत असतानाच एक गृहस्थ वरच्या पायरीवर बसून हात धुण्यासाठी पिशवीतून साबण काढू लागले. मामींनी त्यांना ग्वाल्हेरी हिंदीत जे सुनावले, ते इथे लिहिण्याजोगे नाही; साबण पिशवीत परत गेला.

तोवर चालकाने दोनदा हॉर्न वाजवला होता. त्याने थांबण्याचे जादा पैसे मागितले, ते मी घासाघीस न करता दिले, आणि जवळच्या गुरुद्वारात लंगरला त्यालाही बरोबर नेले. वाढणाऱ्याने आम्ही कोण, कुठून आलो, काहीही न विचारता पानात गरम डाळ-रोटी वाढली. साऱ्या गडावर वेळेचा हिशेब न मागणारी तेवढी एकच जागा मला भेटली.

रात्री निवृत्त गणितशिक्षक असलेल्या मामांनी पहिला प्रश्न चतुर्भुज मंदिराचा विचारला, कारण तिथल्या सन 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे आजच्यासारखे गोल शून्य देऊन कोरलेले आहेत. आम्ही तिथे गेलोच नाही हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामींकडे वळून म्हणाले, “हिला किडे पाहायचे होते, हे मी समजू शकतो. पण तुम्ही बरोबर असून शून्य राहिलं कसं?” मामी म्हणाल्या, “अहो, शून्य हजार वर्षं तिथेच आहे. ते कुठे पळून जातंय?”