मॉनिटर कॅलिब्रेट केला, तरी प्रिंट लालसरच : माझा अनुभव

स्क्रीनवर दिसतात तेच रंग प्रिंटमध्ये यावेत म्हणून मी मॉनिटर कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचे रंग मोजून नीट करून घेतले. ते काम सरळ पार पडलं. डोकं फिरवलं ते प्रिंटिंग लॅबने. तो राग अजून शमलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

कॅलिब्रेशनचं थोडक्यात सांगतो. कलरिमीटर (रंग मोजणारं छोटं उपकरण) स्क्रीनला टेकवून ठेवायचा. सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, कलरिमीटर ते मोजतो आणि शेवटी त्या मॉनिटरची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होते. मी डिस्प्लेकॅल वापरलं, ते मोफत मिळतं. व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळसर किंवा निळसर दिसावा ते) ६५०० केल्व्हिन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) २.२ ठेवला. मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी आणि उजेडाप्रमाणे ब्राइटनेस आपोआप बदलणारी सेटिंग्ज बंद करा.

मग हिरवळीवर काढलेला एक पोर्ट्रेट छापायला दिला. चेहरा लालसर आला, उन्हात भाजल्यासारखा. लॅबला विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या." केलाय म्हणून सांगितलं, प्रोफाइलची तारीखसुद्धा सांगितली. तरी तेच उत्तर, आणि वर "आमचं मशीन रोज सेट होतं, बाकी कोणाची तक्रार नाही." आपण मेहनत घेऊन एक बाजू नीट करावी आणि समोरच्याने ती ऐकूनही घेऊ नये, याचा फार त्रास होतो. पुन्हा छापून घेतलं, पुन्हा लाल.

वाद घालून काही निघणार नव्हतं. या वादातून मॉनिटरच बाजूला काढायला हवा होता. फाइलमध्ये असतात ते आकडे. एसआरजीबी (फोटोंसाठी सर्रास वापरली जाणारी रंगपद्धत) फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची किंमत सारखी असेल, समजा १२८, तर तो रंग शुद्ध राखाडी. तुमची स्क्रीन कितीही बिघडलेली असो, त्या आकड्यांना ढिम्म फरक पडत नाही. म्हणून ६४, १२८ आणि १९२ अशा तीन राखाडी चौकोनांची एक पट्टी केली. ती त्याच पोर्ट्रेटच्या खाली जोडली आणि सूर्यास्ताच्या एका केशरी फोटोखालीही जोडली. दोन्ही फाइल्स एकाच वेळी, एकाच कागदावर छापायला दिल्या.

प्रिंट हातात आल्या आणि उत्तर समोर होतं. हिरवळीखालची पट्टी गुलाबी झाली होती, सूर्यास्ताखालची निळसर. आकडे तेच, कागद तोच, मशीन तेच, आणि राखाडी मात्र दोन तऱ्हांचा! म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोचा एकूण रंग बघून तो मध्याकडे खेचत होतं. हिरवं जास्त दिसलं की त्याच्या विरुद्ध मॅजेंटा (गडद गुलाबी) वाढवायचा, केशरी जास्त दिसला की निळा. दोन्ही प्रिंट काउंटरवर शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे आतून कोणीतरी येऊन म्हणालं, "हो, ऑटो करेक्शन सगळ्याच ऑर्डरला चालू असतं." हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. ऑर्डर फॉर्मवर त्याचा एक शब्दही नव्हता. ते बंद करून छापल्यावर पट्टी राखाडी आली आणि चेहरा चेहऱ्यासारखा. खूप बरं वाटलं, आणि पट्टीची युक्ती सुचल्याचा अभिमानही वाटला.

पट्टी नेहमी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली कोणताही राखाडी उबदारच दिसतो. एक गोष्ट मात्र या पट्टीने पकडता येत नाही. फाइल अडोबी आरजीबीमध्ये (जास्त रंग मावणाऱ्या दुसऱ्या रंगपद्धतीत) असेल आणि लॅबने ती एसआरजीबी समजून छापली, तर राखाडी ठीक येतो पण बाकीचे रंग मरगळतात. त्यामुळे लॅबने वेगळं काही मागितलं नसेल तर एसआरजीबीमध्येच, प्रोफाइल जोडून फाइल द्या.

आणि हो, ब्राइटनेसचं वर राहूनच गेलं, खरं तर तेच आधी सांगायला हवं. प्रिंट काळपट येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे डोळे दिपवणारी स्क्रीन. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. नवा मॉनिटर बहुतेकदा फारच प्रखर ठेवलेला येतो. प्रिंटसाठी तो ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणा. पहिले काही दिवस स्क्रीन मंद वाटते, मग डोळे सरावतात.

नव्या लॅबकडे जाताना दोन गोष्टी आधी विचारा : ऑटो करेक्शन बंद करून छापाल का, आणि तुमच्या कागदाची प्रोफाइल द्याल का? प्रोफाइल मिळाली तर सॉफ्ट प्रूफिंगमध्ये, म्हणजे प्रिंट कशी दिसेल ते स्क्रीनवरच बघताना, कोणते रंग त्या कागदावर बसणार नाहीत ते छापण्याआधीच कळतं. पण करेक्शन चालूच राहणार असेल, तर त्या प्रोफाइलचा उपयोग शून्य.